डब्यातलं ग्रीस

दुपारी बाराच्या सुमारास वहिनीच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. मधोमध टेबलावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचा जुना ग्रामोफोन, आणि त्याच्याभोवती कानबाबांनी मांडलेले एकवीस दिवे. मेलेल्यांचं बोलणं ऐकू येतं म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिलं होतं. कुणी हात न लावता तबकडी हलली, कर्ण्यातून खोल, पुरुषी कण्हणं आलं आणि थांबलं. पुढच्यांनी हात जोडले.

"एक ऊर्ध्व लहर असते, एक अधो लहर," कानबाबा डोळे मिटून म्हणाले. "आजची अधो आहे. ते नको म्हणतायत."

नको म्हणजे वहिनीच्या मुलीचं ऑपरेशन नको. सहा वर्षांच्या पोरीच्या हृदयात भोक होतं. डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली होती आणि वहिनीनं संमतीच्या कागदावर सही करायचं थांबवलं होतं.

धाकटा दीर दाराशी उभा होता. ग्रामोफोन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. भाऊ गेल्यापासून तीन महिने त्याला कशाचं काही वाटत नव्हतं. जेवायचं म्हणून जेवायचा, दुकान उघडायचं म्हणून उघडायचा. भावाचा आवाज आला म्हणून लोक गहिवरले, तेव्हाही तो कोरडाच राहिला. पण कण्हण्याआधी खोक्यात 'धप्' झालं होतं, आणि तो आवाज त्यानं धंद्यात शेकडो वेळा ऐकला होता.

त्यानं दिवे विझवायला, खिडक्या उघडायला आणि सगळ्यांना अंगणात बसायला सांगितलं. लहर तुटेल, असं कानबाबांनी बजावलं.

"तुटू द्या," तो म्हणाला. "माझाच भाऊ आहे, माझ्यासाठी पुन्हा येईल."

तासभर ग्रामोफोन गप्प होता. मग त्यानं दोनच दिवे खोक्याला लागून ठेवले. अर्ध्या तासात तबकडी रखडत फिरली आणि तेच कण्हणं आलं. कानबाबा तेव्हा अंगणात जेवत होते.

वहिनी आत आली. त्यानं तबकडी बोटानं नीट वेगात फिरवली. कुणी बाई गात होती. हळू फिरवली, तर तिचाच आवाज जाड होऊन कण्हू लागला. मग त्यानं चामडी हातमोजे घातले, स्प्रिंगचा ताण उतरवला आणि तिचा डबा उघडला. आत डांबरासारखं काळं ग्रीस घट्ट बसलं होतं.

"वहिनी, हँडल रोज फिरवता ना?"

तिनं मान हलवली. नवरा रोज सकाळी फिरवायचा, म्हणून तीही फिरवायची. दवाखान्यात जायच्या दिवशी त्यानं सुई तबकडीवर ठेवली होती, ती तिनं कुणाला हलवू दिली नव्हती.

"स्प्रिंग भरलेली, पण तिचे वेढे या ग्रीसनं चिकटलेले. दिव्यांनी आणि माणसांनी खोली तापली की ग्रीस ढिलं पडतं आणि एखाद-दोन वेढे 'धप्' करून सुटतात, तेवढीच तबकडी फिरते. दादा आजारी असताना हे मीच उघडलं होतं. यात घालायचं खास ग्रीस दुकानात संपलं होतं, म्हणून गाडीच्या चाकाचं भरलं. नंतर बदलू म्हटलं. राहून गेलं. चूक माझी आहे."

कानबाबांना ग्रीसमधलं काही कळत नव्हतं. गर्दी जमली, दिवे वाढवले की आवाज येतो, एवढं कळलं होतं. तेवढं त्यांना पुरलं.

वहिनीनं तो डबा स्वतःकडे ओढला.

"म्हणजे ते काहीच म्हणाले नाहीत?"

"नाही, वहिनी."

"मला वाटलं, निदान नको तरी म्हणाले."

त्याला रडावंसं वाटलं, पण रडू आलं नाही. दारात लोक जमले होते. त्यानं डबा त्यांच्यापुढे धरला.

"बोट लावून बघा. वस्तू आपोआप हलली तर आधी ती उघडा. उघडता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला बोलवा. आणि पोरीच्या हृदयाचं, ज्यांनी ते तपासलंय त्यांना विचारा. मेलेल्या माणसाला आता काही विचारता येत नाही. त्याच्या वतीनं जो उत्तर देतो, तो स्वतःचंच उत्तर देत असतो."

तीन-चार जणांनी बोट लावून बघितलं. वहिनीनं कपाटातून कागद काढला आणि त्याच टेबलावर सही केली.