ज्युनिपरची फळं

घड्याळजी सहासष्ट वर्षांचे होते, पण कुंपणापलीकडून त्यांना हाक यायची ती "छोट्या" अशीच. हाक मारणारी ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. दाजी गेल्यापासून ती शेजारच्या घरात एकटीच राहायची, आणि दाजींनी लावलेल्या ज्युनिपरवर, त्या सुरूसारख्या शोभेच्या झाडावर, पोटच्या पोरासारखी माया करायची. "याला फळं येतील तेव्हा बघ," असं दाजी म्हणायचे. ते गेले आणि पुढच्याच वर्षी झाडावर गोटीएवढी तपकिरी फळं आली. पाऊस पडला की त्यांना केशरी, लिबलिबीत शिंगं फुटत. ताई मग खुर्ची टाकून समोर बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवे.

इकडे घड्याळजींचं सफरचंदाचं झाड चार वर्षं आजारी होतं. पानांवर केशरी ठिपके यायचे, फळं कच्चीच गळायची. ठिपके दिसले की घड्याळजी पंप पाठीला लावून फवारणी करत, म्हणजे दरवर्षी वरातीमागून घोडं. शेवटी एक पान पाकिटात घालून ते रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेले.

"तांबेरा आहे काका," बाई म्हणाल्या. "जवळपास ज्युनिपर आहे का? त्यावर तपकिरी गाठी?"

"फळं आहेत."

"फळं नाहीत ती. बुरशी आहे. ही दोन घरची पाहुणी, थोडे दिवस ज्युनिपरवर, थोडे सफरचंदावर. पाणी लागलं की गाठींतून ती पसरते, म्हणून पावसाआधी त्या काढून जाळा, एकही ठेवू नका. सफरचंदाला पालवी फुटताना फवारा. झाड एकही तोडायला नको."

झाडं वाचणार होती, पण ताईला हे सांगायचं कसं? घड्याळजींची जीभ रेटेना. तेव्हा त्यांनी काम हातावर सोपवलं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून, ओरखडाही न उमटू देता पुन्हा बंद करणारा तो हात होता. दुपारी ताई झोपली की ते शिडी लावत, डोळ्याला भिंग चढवत आणि बारीक कात्रीने रोज चारपाचच गाठी काढत, म्हणजे तिच्या लक्षात येऊ नये.

तिच्या लक्षात पाचव्या दिवशी आलं. "छोट्या, पाखरं माझी फळं नेताहेत रे."

"पाखरंच असतील," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाखरं हाकलायला म्हणून ताईने दुपारची झोप सोडली. काठी घेऊन ती बाहेर आली तर शिडीवर सख्खा भाऊ, डोळ्याला भिंग, खिसा फुगलेला.

"भिंग लावून चोरी करतोस?"

घड्याळजींनी शिडीवरूनच सगळं सांगून टाकलं. दोन घरची पाहुणी, पाऊस, पालवी, सगळं. ताई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांच्या झाडाला फळं आलीच नाहीत."

घड्याळजींनी भिंग काढून खिशात टाकलं. आपण सफरचंदाचं झाडच तोडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना फार वाटलं.

ताईने काठी भिंतीला टेकवली. "वरच्या फांदीवर अजून सात आहेत. मी मोजलीत. चढ, शिडी मी धरते. आधीच तुझे गुडघे धड नाहीत."

गाठी डब्यात घालून जाळल्या. पालवीच्या वेळी फवारणी झाली, या खेपेला वेळेवर. पानं स्वच्छ राहिली, आणि पुढे झाडाने नऊ सफरचंदं पिकवली. पहिलं घेऊन घड्याळजी ताईकडे गेले, तेव्हा दाजींच्या फोटोजवळ एक काचेची बरणी दिसली. आत एकच तपकिरी गाठ होती, खडखडीत वाळलेली.

अर्धं मिनिट मागे पडलेलं घड्याळसुद्धा खपवून न घेणारा हा माणूस बरणीकडे बघत राहिला. मग त्यांनी झाकण फिरवून घट्ट बसलंय ना ते पाहिलं.

"पाणी तेवढं लागू देऊ नकोस."

"रोज कोरड्या फडक्यानेच पुसते," ताई म्हणाली, आणि सुरी आणायला आत गेली.