स्टीलवर नाव हवंच

सुरतेत, बमरोलीच्या लूम कारखान्यात आमचे हे मुकादम. कारागिरानं सुट्टी मागितली की हे स्टीलचं पिस्तूल टेबलावर आपटायचे. पंच्याण्णव साल उजाडलं तरी त्यातून गोळी एकही सुटली नव्हती. आपटून आपटून ओरखडे तेवढे पडले.

एका रविवारी हे गोळ्या काढून ओरखडे घालवायला बसले आणि तारेच्या घासणीनं आडवंतिडवं घासत सुटले. मी म्हटलं, "अहो, स्टीलला रेघ असते. रेघेच्या दिशेनं, हलक्या हातानं घासा."

"हे हत्यार आहे, तुझी परात नाही!"

तासाभरात पिस्तूल मांजरीनं बोचकारल्यासारखं झालं. मग माझ्यापुढे टाकून म्हणाले, "घास. बायकांचंच काम हे."

घासलं, लख्ख केलं. गल्लीत भांड्यांवर नावं टाकणारा आला होता, त्याच्याकडून नावही टाकून घेतलं.

सोमवारी वाल्मिक कारागिरानं बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी मागितली. ह्यांनी पिस्तूल आपटलं. वाल्मिकनं वाकून मोठ्यानं वाचलं, "सौ. प्रमिलाबाईंकडून सप्रेम भेट."

सगळे माग थांबले.

"मुकादम," तो म्हणाला, "वहिनींची भेट आहे. आपटू नका, ओरखडे पडतील."