भिंतीवरचं पाचवं जहाज

मुरलीधर उमरेडकरांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे ग्वारीघाटावरची नर्मदा आणि जहाज म्हणजे पैलतीरी नेणारी नावाड्याची डोंगी, इथे त्यांचं ज्ञान संपत होतं. तरी रांझीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात, पुढच्या खोलीच्या भिंतीवर, ओळीनं चार लढाऊ जहाजं उभी होती. शेजारीपाजारी त्या भिंतीला 'उमरेडकर साहब का बंदरगाह' म्हणायचे. म्हणोत बापडे. बंदर म्हणावं अशीच ती भिंत होती, आणि तिच्यावर धूळ बसलेली कोणी पाहिली नव्हती.

मुरलीधरराव फॅक्टरीत पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिचा आधी लाकडाचा नमुना करायचा, हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांचा नमुना सूतभर चुकला म्हणून परत आला, असं झालं नव्हतं. स्वभावही तसाच, मोजूनमापून. बोलणं तर इतकं मोजून की बायको शरयूबाई म्हणायच्या, "तुमच्यापेक्षा फॅक्टरीचा भोंगा बरा. दिवसातून चारदा तरी बोलते."

अशा माणसाला एकच मुलगा व्हावा आणि तो वाऱ्यासारखा निघावा, हा देवाचा न्याय. नाव श्रीकांत, घरात बंडू. बापाच्या मनात त्याला फॅक्टरीत अप्रेंटिस लावायचं होतं. हा पठ्ठ्या सतराव्या वर्षी कुठल्याशा भरतीच्या कागदावर पांढरे कपडे घातलेला खलाशी बघून आला आणि नेव्हीत जातो म्हणाला. गेलाही. मुरलीधरराव महिनाभर कोणाशी बोलले नाहीत. मग एका रविवारी ते लाकडाच्या टालीवर गेले, सागवानाचे चार तुकडे निवडून आणले आणि खिडकीखालच्या टेबलावर जहाज कोरायला बसले. राग असा लाकडात जिरला.

आता जहाज करायचं, पण कशावरून? आपल्या जहाजाबद्दल पत्रात काही लिहायची बंडूला मनाई होती. मग वर्तमानपत्रातली चित्रं आणि उरलेलं अंदाजानं. पहिल्या जहाजाला मुरलीधररावांनी नांगर मागच्या टोकाला लावला. त्यांचा हिशेब साधा होता. थांबवायची वस्तू मागेच असणार. सायकलचा पक्का ब्रेकही मागच्याच चाकाला असतो. बंडू रजेवर आला, खांद्यावरची पिशवी न उतरवता जहाजापुढे उभा राहिला आणि पोट धरून हसायला लागला.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही! नांगर पुढं असते, नाकापाशी. मागं बांधला तर पोरंसुद्धा हसतील ना!"

शरयूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. बापलेक दोन दिवस त्या टेबलाशी बसले. नांगर पुढे गेला, धुराड्याची उंची कमी झाली, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी बंडूनं भिंतीत लाकडी गुटका ठोकून, त्यावर ब्रॅकेट बसवून, जहाज स्वतःच्या हातानं वर ठेवलं.

त्या दोन दिवसांनी मुरलीधरराव शहाणे झाले. पोरगा एरवी घरात पाय ठेवताच दीक्षितपुऱ्यातल्या दोस्तांकडे पळायचा. चुका काढायला मात्र शेजारी बसून राहायचा. म्हणून दुसऱ्या जहाजापासून मुरलीधरराव एक चूक मुद्दाम ठेवू लागले. तीस वर्षं बिनचूक काम केलेला माणूस, दर जहाजामागे एकदा, मन लावून चूक करायचा. बंडू ती शोधायचा, दोघं मिळून दुरुस्त करायचे, आणि मगच जहाज भिंतीवर जायचं. घरचा नियमच झाला तो. बंडूनं चूक काढल्याशिवाय आणि बंडूनं खिळा ठोकल्याशिवाय वर काही चढायचं नाही.

सत्तरच्या दिवाळीत चौथं जहाज चढलं. बंडूची बदली नव्या जहाजावर झाली होती. निघताना त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर, चौथ्याच्या शेजारी, एक फुली मारली. "पाचवं इथं, बाबा. पुढल्या वेळी." पुढच्या वर्षी चुना लावायला माणूस आला तेव्हा शरयूबाईंनी त्याच्या डोक्यावर उभं राहून ती फुली वाचवली. सगळी भिंत पांढरीफेक, आणि मध्येच पोळीएवढा मळका तुकडा.

पाचव्या जहाजाला काय चूक ठेवावी याचा मुरलीधररावांनी फार विचार केला आणि शेवटी गालात हसत नांगर मागच्या टोकाला लावला. तीच पहिली चूक. बंडू दारातूनच ओरडेल, आठ वर्षांत बाबा काहीच नाही शिकले म्हणेल, शरयू पुन्हा पदर लावून हसेल. एवढीच त्यांची हौस. डिसेंबरची रजा मंजूरही झाली होती.

डिसेंबरात लढाई लागली. रजा रद्द झाल्या. फॅक्टरी तीन पाळ्यांत धडधडू लागली, मुरलीधरराव बारा-बारा तास उभे राहू लागले, खिडक्यांना काळे कागद लागले. दुसऱ्या आठवड्यात रेडिओनं सांगितलं की आपलं एक जहाज बुडालं. चौथ्या दिवशी तार आली. श्रीकांत मुरलीधर उमरेडकर बेपत्ता आहे.

शरयूबाईंनी तो एक शब्द पदरात बांधून घेतला. "बेपत्ता म्हणजे सापडला नाही. गेला असं कोठी लिहिलं आहे? दाखवा मले." नागपूरहून त्यांचा भाऊ विष्णू आला, दिवसकार्याचं हलक्या आवाजात बोलू लागला. त्याला त्यांनी जेवू घातलं आणि संध्याकाळच्याच गाडीनं परत पाठवलं. कुंकू-बांगड्यांची बाई, पण दोन महिने केसांना फणी नाही, ताटात धड घास नाही. रोज सकाळी चार जहाजं पुसायची, मग टेबलावरचं पाचवं पुसायचं, आणि म्हणायचं, "हे चढवाले येते न तो."

मुरलीधरराव हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. बंडू इंजिनवर होता. तिसऱ्या जहाजाच्या पोटाशी बोट लावून त्यानंच सांगितलं होतं, "मी इथं असतो बाबा. पाण्याच्याही खाली. वर याले तीन शिड्या." मुरलीधरराव मशीनवर उभे असताना त्या तीन शिड्या मोजत. पहिली, दुसरी, तिसरी. किती वेळ लागत असेल?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दारात एक काळासावळा तरुण उभा राहिला. डाव्या हाताला प्लास्टर. नाव दिवाकर मयेकर, राहणार मालवण, बंडूच्याच जहाजावर सिग्नलवाला. वाचलेल्यांपैकी. दोन दिवसांचा प्रवास करून फक्त भेटायला आला होता.

त्याला खुर्चीत बसवलं. पाण्याचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला.

"काकू, मी त्याला पाहिलं," तो म्हणाला. "तो वर आला होता. अंगात लाईफ जॅकेट होतं. माझ्याआधी पाण्यात उतरला. मग अंधारात चुकामूक झाली. सगळ्यांना एकाच जहाजानं उचललं नाही, काकू. शत्रूचीही जहाजं होती तिथं. कैदेत असेल. कैद्यांच्या याद्या अजून कुठं पुऱ्या झाल्यात?"

शरयूबाईंनी दोन्ही हात जोडून देवाच्या फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "ऐकलं न? मी म्हणतच होती. म्हणत होती की नाही?" त्या उठल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. रवा भाजल्याचा वास त्या घरात दोन महिन्यांनी आला.

खरं सांगायचं तर मुरलीधररावांच्याही छातीत काहीतरी सैल झालं. असेल. का नसेल? जवान पोरगा, तीन शिड्या म्हणजे काय मोठंसं. या मुलानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणतो. त्यांना एकदम बोलावंसं वाटलं, आणि बोलायचं तर काय, म्हणून ते त्याला टेबलाशी घेऊन गेले.

"हे तुमचं जहाज. मी केलं. न पाहताच केलं आहे, तर चुका असतील. पाहा बरं."

दिवाकर वाकला. उजव्या हाताचं बोट त्यानं पुढच्या टोकावर ठेवलं आणि हळूहळू मागे नेलं. तोफेवरून, जिथं तो स्वतः निशाणं चढवायचा त्या डोलकाठीवरून, धुराड्यावरून. बोट मागच्या टोकाला पोचलं आणि नांगरावर थांबलं. चांगलं एक श्वासभर थांबलं. त्यानं मान वर करून मुरलीधररावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग बोट उचललं.

"हुबेहूब आहे, काका."

"काहीच नाही चुकलं?" मुरलीधररावांनी विचारलं. "बंडू दर खेपेले एक तरी काढत होता."

"नाही काका. तसूभरही नाही."

मुरलीधरराव तिथेच उभे राहिले. त्या पोराच्या नजरेत नांगर आला होता. न येऊन कसं चालेल, जहाजावर जगणारा माणूस तो. बापानं न पाहता, मायेनं केलेलं जहाज. त्याला चुकलं कसं म्हणायचं? म्हणून हुबेहूब म्हणाला. भला मुलगा. समोरच्याचं मन राखायला डोळ्यांनी पाहिलेलं गिळणारा मुलगा. आणि अशा मुलानं मघाशी खुर्चीत बसून, एका आईच्या तोंडाकडे बघत, काय काय सांगितलं होतं?

सिग्नलवाला वर, डोलकाठीपाशी. इंजिनवाला खाली, तीन शिड्यांखाली. यानं त्याला कुठून पाहिलं असणार?

शिरा आला. दिवाकरनं मान खाली घालून खाल्ला. शरयूबाई वाढता वाढता बोलत होत्या, कैदेत जेवायला देतात का, थंडीचं पांघरूण देतात का, पत्र लिहू देतात का. त्या मुलानं प्रत्येक प्रश्नाला होय म्हटलं.

मुरलीधरराव त्याला बसपर्यंत सोडायला गेले. त्याच्यावर राग येता तर बरं झालं असतं. रागही येत नव्हता. वाटेत तीनदा त्यांच्या ओठांवर आलं, खरं काय ते सांग बाबा. पण विचारलं तर तो सांगेल, आणि मग ते घेऊन घरी जावं लागेल. बस आली. दिवाकर पाया पडला आणि उठताना त्यानं त्यांचा हात धरला तो सुटेचना. कंडक्टर ओरडला तेव्हा कुठे सुटला.

परतताना त्यांनी मनाशी ठरवलं की शरयूला काही सांगायचं नाही. निदान तिचं तरी राहू दे. ती जेवू लागेल, केस विंचरील. आपण रोज सकाळी हो म्हणायचं. आजवर हो म्हटलं नाही ते आता म्हणायचं, एवढंच.

घरात शिरले तर शरयूबाई टेबलाशी उभ्या होत्या. फडकं हातात, पण पुसत नव्हत्या. चुलीशेजारी त्यांच्या वाटणीचा शिरा झाकलेला तसाच होता.

"बसला काय गाडीत?"

"बसला."

"चांगलं पोरगं आहे."

"हो."

शरयूबाई नांगराकडे बघतच म्हणाल्या, "त्यानं याच्यावर बोट ठेवलं होतं. मी दारातून पाहिलं."

"घाईत होता तो. ध्यान नसेल गेलं."

"ध्यान गेलं होतं. तुमच्याकडं पाहिलं त्यानं. मंग हुबेहूब म्हणाला." त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "अहो, मी रोज पुसते हे. नांगर कोठी असते ते मले नाही काय ठाऊक? आठ वर्षं ठाऊक आहे."

"शरयू..."

"काहून खोटं बोलला तो? शिरा करत होती मी. रवा हातात होता माझ्या." आणि मग दोन महिने अडून राहिलेलं सगळं फुटलं. त्या खाली बसल्या आणि बंडूचं नाव घेऊन रडल्या, लाज न धरता, मोठ्यानं. शेजारची हेमलता धावत दारापर्यंत आली आणि आत न येताच परत गेली. मुरलीधरराव बायकोशेजारी फरशीवर बसले. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. लाकूड असतं तर कळलं असतं.

उन्हं भिंतीवरून उतरू लागली तेव्हा शरयूबाई उठल्या, तोंड धुवून आल्या, आणि कपाटाखालची हत्यारांची पेटी ओढून बाहेर काढली. हातोडी नवऱ्याच्या हातात दिली.

"चढवून टाका. टेबलावर असलं की मी वाट पाहत राहते. नाही सोसत आता."

"नांगर पुढं घेऊ?"

"नका. ते त्याचं काम होतं."

त्यांनी स्टूल धरलं. मुरलीधरराव वर चढले. पांढऱ्याफेक भिंतीतला तो मळका तुकडा नाकासमोर आला, मध्ये पेन्सिलीची फुली. त्यांनी गुटका फुलीवर टेकवला. तीस वर्षं खुणेवर हात ठेवणारा माणूस; पण हातोडी उचलवेना. ब्रॅकेट बसलं की फुली झाकली जाणार. त्यांनी गुटका काढला, हातभर खाली सरकवला आणि तिथे ठोकला.

जहाज वर ठेवून ते उतरले. चार जहाजं एका ओळीत, पाचवं खाली लोंबल्यासारखं, नांगर मागे. वर फुली तशीच.

"खाली झालं," शरयूबाई म्हणाल्या.

"हो," मुरलीधरराव म्हणाले. "चुकलं."

सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं.