चौथी दाढ

कनकलताबाईंच्या उजव्या गालाच्या दुखण्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात सहा डॉक्टर झाले आणि तीन दाढा गेल्या. चौथी शनिवारी काढायची ठरली होती. त्याआधी दर गुरुवारी त्रिचीहून येणाऱ्या नसांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचंच, असा हट्ट त्यांनी धरला. एकतीस वर्षांच्या संसारातला हा त्यांचा दुसरा हट्ट. पहिला वाटणाच्या मिक्सीसाठी होता.

नवरा सेतुमाधवराव, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. बायकोचं दुखणंही त्यांनी फायलीला लावलेलं. राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीची रीतच अशी, की बाहेर तमिळ, आपसांत मराठी, आणि डॉक्टरपुढे दुखणं बाईचं, तोंड नवऱ्याचं.

दवाखान्याच्या पाटीवर नाव होतं ‘डॉ. आर. सौम्या’. आमच्याकडे आद्याक्षर बापाच्या नावाचं; त्यावरून कुळाचा पत्ता लागत नाही.

"काय होतं, अम्मा?" डॉक्टरीणबाईंनी तमिळमध्ये विचारलं.

"दाढदुखी," सेतुमाधवरावांनी फाईल उघडली. "अधूनमधून."

"अधूनमधून?" कनकलताबाई मराठीत पुटपुटल्या. "वीज पडते हो गालावर! चूळ भरताना, हळद लावताना, नुसत्या वाऱ्यानंसुद्धा. सांगा ना तेवढं."

"वाऱ्यानं जरा त्रास होतो म्हणते," त्यांनी तमिळ केलं.

"जरा! काढा म्हणावं चौथी, पाचवीही काढा. रिकाम्या जागेत तुमची फाईल ठेवते."

डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या. मग अडखळत मराठीत म्हणाल्या, "आर म्हणजे रघुरामराव, माझे अप्पा. आजोबा राजवाड्यामागचेच. मला मराठी अस्की, म्हणजे सगळी, समजते, बोलायला मात्र नीट येत नाही. मामा, तुम्ही थोडं गप बसा. मामी, वीज किती वेळ राहते?"

"वीस अंक म्हणेपर्यंत. दिवसातून तीस-चाळीस वेळा."

सेतुमाधवरावांचा चष्मा नाकावर घसरला. "तीस-चाळीस? मला कधी सांगितलं नाहीस!"

"सांगितलं. तुम्ही त्याचं तमिळ करत होता."

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा तंतू गालाला टेकवला. कनकलताबाई डोळे मिटून कळवळल्या.

"दाढेचा दोष नाही, मामी. चेहऱ्याची नस आहे."

"मग त्या तीन?"

त्यांनी कापूस खाली ठेवला. "चांगल्या असाव्यात."

सेतुमाधवरावांनी फाईल मिटली.

अर्ध्या गोळीनं सुरुवात, रक्ताची तपासणी, त्रिचीला एक स्कॅन, पंधरा दिवसांनी परत. "एका दिवसात बरं होईल म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण आता बरोबर जागी शोधतोय."

बाहेर टेलिफोन बूथमध्ये सेतुमाधवरावांनी दातांच्या डॉक्टरांचा नंबर फिरवला. "नमस्कार, शनिवारचं... म्हणजे ती म्हणते, की..." ते थांबले. रिसीव्हर बायकोपुढे धरला. "तूच सांग."

कनकलताबाईंनी तो डाव्या कानाला लावला आणि शुद्ध, खणखणीत तमिळमध्ये म्हणाल्या, "कनकलता बोलते. मी येत नाही. आणि का येत नाही, ते आता माझ्याकडून ऐका."

बूथबाहेर तीन माणसं रांगेत होती. सेतुमाधवराव दार धरून उभे राहिले आणि त्यांना म्हणाले, "वेळ लागेल."