ग्लासातले दात

"रविवारी मी नाही. राजा बिनदातांचा जेवायला बसला तरी नाही," असं म्हणून तिने मेणाचा तुकडा दिव्यावर धरला.

कवळ्या बनवणाऱ्या त्या खोलीत हशा पिकला. "खडूताईंचं लग्नच म्हणा ना रविवारी!" शेजारच्या टेबलावरचा कारागीर म्हणाला.

म्हणू दे. पेस्टलच्या रंगीत खडूंनी चित्रं काढणाऱ्यांचा मेळावा गावात पहिल्यांदाच भरत होता. प्रत्येकाने एक चित्र आणायचं, फ्रेमबिम काही नको, टेबलावर मांडायचं आणि बाकीच्यांनी वाकून बघायचं. तिचं चित्र असं वाकून बघणारा आजवर एकच माणूस होता, तिचे सासरे.

त्यांची कवळी तिनेच केली होती. गेल्या वर्षी खिडकीत ठेवलेली ती कवळी तिने चित्रात काढायला घेतली. काचेचा ग्लास, पाणी, त्यात दात. दातांचा तो पिवळट पांढरा काही केल्या जमेना. म्हातारा बोळकं घेऊन समोर बसून राही.

"आटप गं बाई. भूक लागलीय, आणि दात तुझ्याकडे अडकलेत."

"थोडं थांबा ना, बाबा."

"थांबतो. मी कुठे गेलो नाही आयुष्यात, दात तरी जातील चारचौघांत मिरवायला."

चित्र झालं, आणि त्या थंडीत बाबा गेले.

नवऱ्याला मात्र त्या चित्राची लाज वाटायची. "कवळी! जगात दुसरं काही उरलं नव्हतं काढायला?" म्हणून मेळाव्याचं ठरल्यापासून चित्र कपाटावर पातळ कागदात झाकून ठेवलेलं होतं. ती रोज घरी आली की हळूच कागद उचलून बघायची आणि पुन्हा झाकायची.

शनिवारी ती आली तेव्हा नवरा दारातच उभा होता. इतक्या वर्षांत तो तिची वाट बघत कधी थांबला नव्हता.

"ये, बघ. उघडा कागद घेऊन जाणार होतीस, माझं काय नाक राहिलं असतं?" टेबलावर सोनेरी फ्रेम होती, आत तिचं दातांचं चित्र. "काच जड झाली असती, म्हणून प्लास्टिकची बसवली. आणि अशी घासूनपुसून चकचकीत केलीय ना!"

घासून. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे कसे उचलतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्या प्लास्टिकने पेस्टलची पूड ओढून घेतली होती. पाण्यावरची चमक, महिनाभर शोधलेला तो पिवळट पांढरा, सगळं आतून प्लास्टिकला चिकटलं होतं. कागदावर राखाडी फराटा उरला होता.

"आधीपासूनच जरा पुसट होतं, नाही का?" तो म्हणाला.

तिला तो माणूस त्या क्षणी नकोसा झाला. मुद्दाम केलं असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. आयुष्यात एकदा कौतुक करायला आला आणि होतं नव्हतं ते पुसून बसला.

"आता काय झालं? दुसरं ने. ढीग तर पडलाय."

ढीग होता. पण न्यायचे होते ते दात.

रविवारी ती घरीच राहिली. दुपारी नणंद आली. नवऱ्याने तोवर खिळा ठोकून फ्रेम बैठकीच्या खोलीत टांगलीही होती. त्या भिंतीवर तिचं चित्र पहिल्यांदाच लागलं.

"अगंबाई, फ्रेम काय सुरेख आहे!"

"मी करून आणली," नवरा म्हणाला.

नणंद जवळ गेली, क्षणभर बघून मागे आली. "आत काय आहे पण? ढग का?"

नवरा बायकोकडे बघू लागला. नणंदेच्या वडिलांचे दात होते ते.

"हो, ढगच," ती म्हणाली. "बसा, पाणी आणते."

स्वयंपाकघरात फळीवर बाबांचा दातांचा ग्लास पुढेच होता. तो तिने मागे सरकवला आणि दुसरा घेऊन पाण्याने भरला.