कोरा द्रव

ॲलर्जीत शिंका आणतात म्हणून मास्ट पेशींना जो तो नावं ठेवतो. मी मात्र त्यांचं वकीलपत्र घेऊन बसले होते. माझं म्हणणं एवढंच, की माणसाच्या या पेशी ग्रोथ फॅक्टरही बनवतात, म्हणजे जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारा पदार्थ. हे सिद्ध झालं असतं तर प्रयोगशाळेतली एकुलती एक कायमची जागा माझी होती.

पेशी मी वाढवायच्या आणि त्यांना लागणारा पोषक द्रव दादाने बनवायचा, अशी आमची वाटणी. दादा शेजारच्या टेबलावरचा, सख्खा नव्हे. पण माझ्या बाळाला दवाखान्यातून घरी आणलं ते त्याच्याच गाडीतून. पेशी न घातलेला कोरा द्रव तपासायचं कामही त्याचंच. मी विचारायचे, "कोऱ्यात काही?" तो म्हणायचा, "ठणठणाट, चिमणे!" मी बिनघोर पुढे जायचे.

सादरीकरणात माझे निष्कर्ष बघून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खूश झाल्या. मग दादा उठला. "एक शंका आहे," म्हणाला आणि त्याने पडद्यावर स्वतःचा आलेख लावला. कोऱ्या द्रवातच ग्रोथ फॅक्टर खच्चून भरलेला! द्रवात चुकून माणसाच्या रक्तातलं सीरम मिसळलं गेलं होतं, त्यातूनच तो आला होता. आता माझ्या पेशींनी काही केलं की नाही, कुणालाच सांगता येईना.

"हे तुला कधी कळलं?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"झाले दोनेक महिने. खात्री करून घेत होतो गं."

खात्री! आणि रोज सकाळी मला ठणठणाट! गोड बोलून केसाने गळा कापला मेल्याने. सीरम मिसळणारा तोच, चूक पकडणाराही तोच. मॅडमनी त्याच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं आणि जागा त्याला दिली.

मी नव्याने पेशी वाढवल्या. द्रव स्वतः बनवला, सीरमचा थेंबही न घालता, आणि कोराही स्वतःच तपासला. कोऱ्यात काही नव्हतं. पेशींच्या द्रवात ग्रोथ फॅक्टर होता. माझ्या पेशी खऱ्या निघाल्या! सवयीने दादाला सांगायला मी शेजारच्या टेबलाकडे वळले आणि माझा मलाच राग आला.

संध्याकाळी दादा नव्या केबिनमधून चहाचे दोन कप घेऊन आला. "ऐकलं मी, चिमणे! पेपर दोघं मिळून लिहू. द्रवाची बाजू माझ्याकडे."

"कोऱ्यात काही?" मी विचारलं.

आधी त्याला कळलंच नाही. मग त्याचा चेहरा उतरला. दोन्ही कप घेऊन तो आल्या पावली परत फिरला, आणि मला त्याची जराही कीव आली नाही.