फिलोमेनाच्या खलातली जपानी गोळी

मी एक जुनी जपानी बंदुकीची गोळी आहे. शहाणी माणसे मला काडतूस म्हणतात. आज माझी नुसती फाटकी पितळी नळी उरली आहे, तरी ओळख मी अशीच सांगणार. दात पडले म्हणून वाघीण काही शेळी होत नाही.

मित्रांनो, आमचे घराणे मोठे. महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून जपानचा शिपाई आम्हालाच कमरेला बांधून निघायचा. आमची अंगकाठी सडपातळ. खांद्याला दणका कमी, आणि बार झाला तरी जाळ फारसा दिसायचा नाही. पुढे चीनच्या लढाईत साहेबांना वाटले की आमचा मार हलका पडतो. झाले, आमच्या उरावर एक जाडी सवत आणून बसवली. पण तिच्या बंदुका सगळ्यांना पुरेनात, म्हणून आम्हीही कामावर राहिलो.

मला घडवले ते बायकांच्या हातांनी. कोणी अंगात दारू भरली, कोणी गळ्याभोवती गुलाबी रेघ ओढली. शेवटी मित्सुए नावाच्या एका नव्या नवरीने मला उजेडात फिरवून पाहिले आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "ही बघ, आमच्या सासूबाईंपेक्षा सरळ आहे." शेजारीण तोंडावर हात धरून हसली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

आम्हा पाच बहिणींना एका पट्टीत अडकवून जहाजाने ग्वाडलकॅनल बेटावर धाडले. तिथे आम्ही उएमात्सु नावाच्या शिपायाच्या वाट्याला आलो. कोळ्याचे पोर. त्याच्या बंदुकीवर सम्राटाच्या घराण्याचे शेवंतीचे फूल कोरलेले होते. स्वतःचे तोंड पुसायच्या आधी तो ते फूल पुसायचा. पण तांदळाची जहाजे बेटापर्यंत पोचेनात. माणसे मुळ्या खाऊ लागली, मग गवत. उएमात्सुने ओढ्यावरच्या उतारावर एक खड्डा खणला आणि तापाने फणफणत त्यातच पडून राहिला. एके दिवशी त्याने मला पट्टीतून वेगळे काढले आणि मुठीत धरले. कशासाठी, ते मला उमगले होते. मला नको म्हणता येत नव्हते. माझ्या आधी तापानेच त्याला नेले. पुढच्या पावसात खड्ड्याची माती ढासळली आणि आम्ही सगळीच तिच्याखाली गेलो.

सरळ जाण्यासाठी जन्मलेली मी, कुठेच गेले नाही.

वर काय चालले होते ते मला फक्त मुळांवरून कळायचे. आधी गवताची मुळे आली, मग झाडांची, मग झाडे गेली आणि रताळ्यांची आली. ती जमीन फिलोमेनाची. तिच्या आईकडून तिच्याकडे आलेली, आणि तिच्या मुलीकडे जायची. त्या बेटावर असेच चालते. उएमात्सुच्या खड्ड्याची माती भुसभुशीत, म्हणून तिथली रताळी सगळ्यात मोठी. ज्या जागी तो उपाशी मेला, त्या जागी. माझ्यापाशी हे सांगायला तोंड असते तर बरे झाले असते.

एका सकाळी फिलोमेनाच्या काठीने मला बाहेर काढले. तिने मला कमरेच्या कापडाला पुसले. चमकले मी. तिचा नवरा तार्सिसिओ शेजारीच वेल ओढत होता.

"फेकून दे ते," तो म्हणाला. "लढाईचं आहे."

"लढाई झाली तेव्हा मी आईच्या पोटात होते. आता माझे दात पडले. त्याचं काय शिल्लक असणार आहे?"

"तुझे दात पडले, पण जीभ आहे ना शाबूत? तसंच त्याचंही असेल."

"जीभ आहे म्हणून तुला वेळेवर जेवायला मिळतं, म्हाताऱ्या."

आणि त्या दिवसापासून मी तिचा बत्ता झाले. दात नसलेल्या म्हाताऱ्या तिथे सुपारी, पान आणि चुना खलात कुटून खातात. माझी पितळी काया तिच्या मुठीत नेमकी बसायची. मान वर, बूड खाली. मित्रांनो, गोळीच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. बंदुकीची सुई त्या टोपीवर बसली की आत ठिणगी पडते. फिलोमेना दिवसभर तीच टोपी सुपारीवर आपटायची, आणि मांडीवर तिची नात बसलेली असायची. सुपारी मऊ होती, म्हणून निभावले. एखादा खडा आला असता तर? प्रत्येक घावाला मी मनात म्हणायचे, बाई, थांब. पण मनातले ऐकू जात असते तर जगात लढायाच झाल्या नसत्या.

खोटे कशाला बोलू, मला ती आवडायची. माणसाच्या रोजच्या कामाला मी तेव्हा पहिल्यांदा आले. शेजारणी मला मागायच्या, ती द्यायची नाही. "तुमच्या हातात टिकायची नाही," म्हणायची.

मग एका शनिवारी गावात जुना दारूगोळा गोळा करणारे पोलीस आले. त्यांच्यातला एक तरुण ओसरीशी उभा राहून म्हणाला, "मावशी, घरात लढाईतलं काही असेल तर दाखवा. बुडाच्या टोपीला खड्डा पडलेला नसेल, तर ते जिवंत समजायचं."

"माझ्या घरात जिवंत एवढा एकच," ती तार्सिसिओकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि तोही अर्धाच."

सगळे हसले. तार्सिसिओने खलाकडे पाहिले. खल रिकामा होता. तो काही बोलणार, तेवढ्यात बायकोने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पोलिसांसाठी पाणी आणायला उठला. मला तिने केव्हाच स्वयंपाकाच्या झोपडीत, भट्टीच्या दगडांच्या ढिगात खुपसले होते.

मित्रांनो, तिथे रविवारचे जेवण जमिनीतल्या भट्टीत होते. लाकडांवर नदीतले दगड रचून तापवायचे, मग केळीच्या पानात बांधलेली रताळी आणि मासे त्या दगडांत पुरायचे. रविवारी फिलोमेना पहाटेच प्रार्थनेला गेली. सुपारीची पिशवी घरीच राहिली होती, कुटायची वेळच आली नाही, म्हणून मीही तिच्या डोक्यातून गेले. मुलगी अलोइसिया घरी होती. तिने ढीग ओंजळीओंजळीने उचलून लाकडांवर ओतला. मी दोन दगडांच्या बेचक्यात घसरले. तिने काडी लावली आणि फुंकर घालायला वाकली.

पितळ लवकर तापते. माझ्या आतली दारू इतकी वर्षे निजली होती. ती जागी होऊ लागली. माझ्यासमोर अलोइसियाचा चेहरा होता, घामेजलेला, गाल फुगवलेला. मला मान वळवता येत नव्हती.

तेवढ्यात प्रार्थनेहून फिलोमेना आली. जाळ पाहिला आणि ओरडली, "अगं मेले, माझा बत्ता!"

"कुठला बत्ता? आई, हात भाजेल!"

"सर तिकडे. काळा पडेल तो." तिने मुलीला कोपराने बाजूला ढकलले, बांबूचा चिमटा घेतला आणि जिथे अलोइसियाचा चेहरा होता तिथे आपला चेहरा आणला. चिमटा माझ्या गळ्याला लागला.

आणि मी फुटले.

इतकी वर्षे मला वाटायचे, एकदा तरी सुटावे. सुटले ती अशी. माझ्या अंगाचा एक कपचा उडाला आणि तिच्या उजव्या डोळ्यात गेला. मला शत्रूसाठी बनवले होते. मी सापडले त्या दिवशी पुसून मला उजेड दाखवला तिने, आणि उजेड गेला तिचाच.

ती वाचली. आज मी गावच्या शाळेत खिडकीत ठेवलेली असते. मुलांना मी काय आहे ते सांगायला फिलोमेना स्वतः येते. एका मुलीने तिला विचारले, "आजी, हिचा राग येतो का?"

"हिचा कशाला येईल? हिला तोंड नव्हतं. तोंड मला होतं, तेच चालवत बसले. कानही होते, ते कधी चालवले नाहीत." मग तिने पिशवीतून लाकडाचा बत्ता काढला आणि खिडकीकडे पाठ करून सुपारी कुटू लागली.

मित्रांनो, मला आता हातात घ्या, माझी भीती उरली नाही. पण उएमात्सुच्या पट्टीत आम्ही पाच जणी होतो. चौघी अजून त्या रताळ्यांखाली आहेत. लढाई संपली, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मातीत असे काही चमकले तर उचलू नका, पुसू नका, घरी नेऊ नका. तिथूनच मागे फिरा आणि मोठ्यांना हाक मारा. माझ्या बहिणींना हाक मारता येत नाही. त्यांच्या वतीने तुम्हीच मारा.